जाऊबाईंना धीर द्यायला गेले

मंगळवार, ४ मार्च

बोलू नये ते बोलून आले. अजून कान तापलेत.

थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ निघाली आहे. वाईट आहे. सोमवारी ऑपरेशन. धीर द्यायला म्हणून गेले — रस्ताभर वाक्यं घोळवत, शाळेत पाठांतराच्या तासाला जायचे तशी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आम्हा मुलींना महिन्यातून एकदा इस्पितळात न्यायच्या. पांढरे मोजे, हातात फुलं. "रोग्यासमोर चेहरा पाडायचा नाही. त्याचं दुखणं हलकं करून यायचं." परत येताना किती छान वाटायचं! आपण कुणाचं तरी भलं केलं म्हणून.

तेच करायला गेले. जाऊबाई शिवणाच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काही सुचत नाही गं. तुला काय वाटतं?"

स्तन काढावा लागणार म्हणून घाबरल्यात, असं मला वाटलं. म्हणून मी हसत म्हणाले, "ताई, एवढं काय मनाला लावून घेता? गेलं तर गेलं. आता या वयात कोण बघायला बसलंय?"

सुई थांबली. मग म्हणाल्या, "चहा टाकते," आणि उठून गेल्या.

कोण बघायला बसलंय! ही बाई भाजी आणायला निघतानासुद्धा आरशासमोर दोनदा वळून बघते. स्वतःचा कपडा अंगासरसा बेतते. दीर गेले तरी ते सुटलं नाही. आणि मी गोणपाटासारखे झगे घालून त्यांच्याकडे चोरून बघत आले, इतकी वर्षं. धीर देताना ते तर बाहेर पडलं नाही ना?

बुधवार, ५ मार्च

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "सफरचंदं द्यायची नि यायचं. भाषण कुणी मागितलं होतं?"

गुरुवार, ६ मार्च

फोन लावला. त्यांचा "हॅलो" ऐकला आणि ठेवून दिला. या वयाला!

शुक्रवार, ७ मार्च

गेले एकदाची. दारातच म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी फार वेड्यासारखं बोलले. माफ करा मला."

"अगं, तेच धरून बसलीस?" त्या म्हणाल्या. "बाकीचे येतात ते नुसते 'काही होत नाही, काही होत नाही'. वीट आला मला. तू निदान काहीतरी बोललीस. डोक्यातला घोळ तरी संपला."

मग मला नखशिखांत न्याहाळलं. "आणि हे काय घातलंयस? तंबू? उभी राहा सरळ."

तोंडात टाचण्या धरून माझ्या झग्याला कमरेपाशी चिमटे घेत राहिल्या. "कंबर आहे की गं तुला! लपवतेस कशाला?" मी हसले. त्याही हसल्या. त्यांचे हात किती गार होते, ते आता लिहिताना लक्षात येतंय.

मोकळी होऊन घरी आले. ह्यांना म्हटलं, बघा, झालं ना सगळं नीट.

सोमवार, १० मार्च

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. बाहेरच्या बाकावर पुतणी शेजारी बसली होती. म्हणाली, डॉक्टर नुसती गाठच काढणार होते, बाकीचं तसंच राहणार होतं. नंतर काही आठवडे रेडिएशन, की झालं. गुण तितकाच येतो म्हणे. नाहीतर सगळंच काढायचं. आईचं काही ठरतच नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी तिनं आपणहून डॉक्टरांना फोन केला — सगळंच काढा.

"काकू, तू समजावलंस म्हणून ठरलं तिचं," ती म्हणाली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला होता. "तुझे उपकार आहेत आमच्यावर."

मी म्हणाले, "असू दे गं."