डाव्या बाजूचा स्पीकर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंद्याने सिनेमा थिएटरचा ऑपरेटर आणि थिएटर बंद पडल्यापासून घरचा ऑपरेटर, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी पत्नीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांचं काय जातंय, ते कुठे तुमच्याबरोबर राहतात!" तिचा हा आक्षेपही नोंदवून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. छाती साथ देईनाशी झाली आहे, एवढेच कारण. डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केली आहे, लिहायला नाही. तेव्हा मजकूर लांबला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे केलाच तर तो खुशाल चुलीत घालावा.

कलम १. घर. तळमजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा माझी स्वकष्टार्जित आहे. ती माझ्या पश्चात पत्नीला व तिच्या पश्चात आमच्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. पत्नी हयात असेपर्यंत घरातले सामान वीतभरही हलवू नये. डोळे गेल्यापासून तिने हे घर पायांनी पाठ केले आहे. मागे एकदा केर काढताना मी टेबल जरासे सरकवले आणि तिची नडगी फुटली. त्यानंतर मला जे ऐकावे लागले ते अशा कागदात लिहिण्याजोगे नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवी संपूर्णपणे पत्नीच्या. यात कोणी तोंड घालू नये.

कलम ३. थिएटर. आता मुद्द्यावर येतो. बैठकीच्या खोलीत चपलांच्या कपाटात ठेवलेला जो जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. घरात आम्ही त्याला 'थिएटर' म्हणतो. जावईबापू 'डबडं' म्हणतात. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण दर भेटीत त्या कपाटाकडे भंगारवाल्याच्या नजरेने पाहतात. मी डोळे मिटल्यावर पहिला घाव त्याच्यावर पडेल ही मला धास्ती आहे. तसे झाले तर माझी बायको टीव्हीपुढे नुसते आवाज ऐकत एकटी बसेल. म्हणून खुलासा करतो.

मी हयातभर थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवले. मशीनची घरघर इतकी, की पडद्यावरचा एक शब्द कानावर पडत नसे. भिंतीतल्या वीतभर काचेतून मला फक्त चित्र दिसे. पत्नी खाली तिकीटखिडकीवर होती. तिच्या पाठीमागची भिंत थेट हॉलची, त्यामुळे सगळे संवाद तिला ऐकू येत, दिसत मात्र काही नसे. शेवटचा खेळ सुटला की आम्ही चालत घरी येत असू आणि वाटेत सिनेमा जोडत असू.

"तो एवढा का रडत होता?" मी विचारी.

"आईचं पत्र आलं म्हणून. आणि मग ती का हसली?"

"हसली कुठे? तिने तोंड लपवलं होतं."

"अय्या! मला तर हसल्यासारखी वाटली."

लग्नही याच वाटेवर ठरले. ती कामाला पहिल्यांदा आली त्या दिवशी तिच्या हातात पोपटी छत्री होती. इतकी भडक छत्री मी तोवर पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

तिची दृष्टी गेल्यावर मी टीव्हीसमोर तिच्या डाव्या हाताला बसू लागलो आणि चित्र सांगू लागलो. आता दार उघडलं, आता तो वळला, आता गाडी सुटली. पुढे माझा दम लागू लागला. अंगात दम आहे तोवर चित्र सांगणारा आपला आवाज सिनेमांबरोबर साठवून ठेवावा असे मनात आले. मुलीचा कॉलेजातला कॉम्प्युटर पलंगाखाली चादर पांघरून पडला होता. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आतली धूळ पाहून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "काका, याचं श्राद्ध घालायचं सोडून तुम्ही याला सिनेमे दाखवायला लावताय!" पण हाडाचा कारागीर. त्याने नवी डिस्क बसवली, किंचाळणारा पंखा काढून मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावला, खाली रबराच्या चकत्या दिल्या आणि केबल टीव्हीला जोडली. मी कपाटाची मागची फळी कापून हवेला वाट करून दिली. आता पंखा चालू आहे की नाही ते हात लावूनच कळते.

कीबोर्डची बाकीची सगळी बटणे उपटून चारच ठेवली आहेत. 'चालू'वर शर्टाचे बटण चिकटवले आहे, 'थांब'वर पॉलिश पेपरचा तुकडा, पुढच्या सिनेमासाठी काडेपेटीची काडी आणि मागच्यासाठी दोन काड्या. पत्नी हे सारे एका बोटाने चालवते.

आवाजाची मांडणी अशी आहे. सिनेमाचा आवाज उजव्या स्पीकरमधून येतो आणि माझा डाव्या. मी जिथे बसतो तिथूनच मी बोललो पाहिजे, हा त्यातला हिशेब. हे दोन स्पीकर कोणीही अदलाबदल करू नयेत. हे लिहायची पाळी का आली तेही सांगतो. मागल्या सुट्टीत मुलगी आली होती. तिने मायेने सगळ्या वायरी सोडवल्या, पुसल्या, नीट गुंडाळल्या आणि डाव्याची पिन उजव्यात घातली. संध्याकाळी आमच्या हिने सिनेमा लावला. मी बाहेर औषधे आणायला गेलो होतो. परत आलो तर टीव्ही बंद आणि ही रुसून बसलेली. म्हणाली, "आज तुम्ही तिकडच्या बाजूला जाऊन बसलात. सांगायचं तरी!" मुलीचा चेहरा पाहवेना. पिन मीच बदलली. तिच्याशी त्यावर बोलायचे राहून गेले.

त्यानंतरच तिने नवा भिंतीएवढा टीव्ही पाठवला. "आई, याच्याशी नुसतं बोललं तरी हा ऐकतो," असे फोनवर म्हणाली. ही म्हणाली, "ऐकतो गं, पण सांगत नाही ना." टीव्ही उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. थिएटर त्यालाच जोडले आहे.

तर हे थिएटर, स्पीकर, कीबोर्ड आणि आतल्या सर्व सिनेमांसह, पत्नीच्या मालकीचे होईल. अटी पुढीलप्रमाणे. ते भिंतीवरच्या खटक्याने बंद करू नये. पंखा मऊ ब्रशने साफ करावा. प्रत्येक सिनेमात मी मध्यंतर घातले आहे, ते काढू नये. ती खोड जायची नाही आणि हिला चहाला उठायला बरे पडते. माझा आवाज कोणी 'सुधारू' नये. खोकला, चहाचा घोट, खुर्चीची करकर, सगळे आहे तसे राहू द्यावे.

आणखी एक. माझ्या सांगण्यात प्रत्येक नायिकेच्या हातात पोपटी छत्री असते. ऊन असो, घर असो, लढाई असो. यातले बरेच सिनेमे काळे-पांढरे आहेत. पत्नीने ते तिकीटखिडकीवर असताना बाहेर लावलेल्या फोटोंत पाहिले आहेत, म्हणजे तिलाही हे ठाऊक असणारच. तिने आजवर विचारले नाही, मीही बोललो नाही.

कलम ४. हत्यारे. फिल्म जोडायचे यंत्र, पेचकस, पकडी आणि माझा टॉर्च हे सारे कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्याला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. तोंडाने फटकळ आहे, पण शब्दाचा पक्का.

कलम ५. थिएटरचे शेवटचे मॅनेजर. थिएटर बंद करताना ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, "आता बटण दाबलं की सिनेमा लागतो, ऑपरेटर कशाला पोसायचा?" त्यांना माझ्या जुन्या शर्टाचे एक बटण पाकिटात घालून पाठवावे. त्यांनी ते दाबून बघावे. माझा राग इथे संपला असे समजावे, निदान मी तसा प्रयत्न करतो आहे.

कलम ६. मेहुण्यांकडे असलेली माझी लोखंडी शिडी. ती मी त्यांना बक्षीस दिली आहे. आता तरी दारात भेटल्यावर दुसरीकडे पाहू नये.

कलम ७. मुलगी. लहानपणी तिला आम्ही टिटवी म्हणत असू, कारण तोंड म्हणून मिटत नसे. शाळा सुटली की केबिनमध्ये यायची, काचेला नाक लावायची आणि मग धाडधाड जिना उतरून तिकीटखिडकीत आईला जाऊन सांगायची, "आई, आता घोडा पडला! आई, बघ ना, आता त्याने टोपी फेकली!" आईला चित्र सांगणारी पहिली तीच. मी फार नंतरचा.

आता ती मोठ्या हुद्द्यावर आहे. फोन करते, औषधे घेतली का विचारते आणि ठेवते. मला आधी वाटे, कामाचा रगाडा. तसे नाही. आईचे डोळे गेले त्या आठवड्यात ती एकदा सवयीने "आई, बघ ना" म्हणाली आणि जीभ चावून गप्प झाली. तेव्हापासून आईशी बोलताना 'बघ' हा शब्द ती गाळते. आणि 'बघ' गाळून आपल्या भाषेत बोलायचे किती उरते? करून बघ, खाऊन बघ, विचारून बघ. बिचारी दर वाक्याला अडखळते आणि शेवटी बोलायचेच टाळते. आमच्या हिला ते पहिल्या दिवशीच कळले. ही मला म्हणते, "मला बघ म्हणायला काय झालं? तोंड शिवून बसलीय कार्टी." पण मुलीला कोणी सांगितले नाही. टिटवे, मी आता सांगतो. मला याचे फार वाईट वाटते गं.

घरच्या थिएटरमध्ये शेवटचा एक सिनेमा अर्धा आहे. नायिका पुलावर उभी आहे, ज्याची वाट पाहते तो अजून आलेला नाही. तिथे आमच्या दाराची बेल वाजली आणि मी "थांब, आलोच" म्हणून उठलो. दारातच खोकल्याची उबळ आली आणि मला तिथून दवाखान्यात नेले. परत आल्यावर एवढे सलग बोलणे मला झेपले नाही. त्यापुढे डाव्या स्पीकरमधून काही येत नाही. उजवा बोलत राहतो. पत्नी तो सिनेमा तिथवरच लावते. "थांब, आलोच" झाले की पॉलिश पेपरवर बोट ठेवते.

त्या सिनेमाचा उरलेला अर्धा भाग मी मुलीच्या नावे करतो. त्याबरोबर आईच्या डाव्या हाताची माझी खुर्चीही. तो भाग रेकॉर्ड करून पाठवू नये. खुर्चीत बसून सांगावा. सिनेमा संपला तर दुसरा लावावा. मनात येईल तितक्या वेळा 'बघ' म्हणावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: ऑपरेटर
स्थळ: आमची बैठकीची खोली, पत्नीच्या डाव्या हाताला
दिनांक: चालू महिन्याचा दुसरा रविवार, दुपारच्या चहानंतर

लिहिणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्याच्या समक्ष केली.

साक्षीदार पहिला: शेजारच्या निवृत्त शिक्षिका. सही.
साक्षीदार दुसरा: वरच्या मजल्यावरचे शिंपी. सही.

पुरवणी, शिक्षिकेच्या हातची: सह्या झाल्यावर हा कागद त्यांच्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. कलम ७ त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग त्यांनी शेवटी एक ओळ घालायला सांगितली. ऑपरेटरांची हरकत नसल्याने ती त्यांच्याच शब्दांत लिहिते: "टिटवीला म्हणावं, पुलावर तिच्या हातात छत्री पोपटीच आहे ना, ते नीट बघून मला सांग."