तीन कड्या आणि एक पिन

ती. मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष वाकता येत नाही, कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल. तुमच्या बहिणीचं हसून हसून पोट दुखतंय, तेवढंच. तुमच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या मामांचा, खोकला गेला, भूक परत आली, पण मनगट काही परत आलं नाही. हात वर केला की घड्याळ थेट कोपरापर्यंत घसरतं. म्हणून त्यांनी ते खुंटीला लटकवलं आणि वाचनालयासमोरच्या बाकावर जाणंच सोडलं. त्या बाकावरची पाच म्हातारी माणसं मामांच्या घड्याळावर उठतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. "घड्याळाशिवाय तिथे नुसता बसायला जाऊ होय मी?" असं ते परवा स्वयंपाकघरात तुमच्या बहिणीला हळूच म्हणाले. हळूच, पण माझे कान तुम्ही जाणता. बंद दाराआडून पंपाचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो मी. एक पाना आणि हे दोन कान एवढ्याच भांडवलावर वर्कशॉप उभं केलं. मी पलीकडच्या खोलीतूनच ओरडलो, "मामा, पट्ट्याच्या तीन कड्या काढून देतो! शनिवारी तुम्ही बाकावर!" तिथेच फसलो. (घड्याळजीकडे का नेलं नाही, हे तुमच्या बहिणीने विचारून झालंय. तुम्ही विचारू नका.)

मेहुणेबुवा, कड्या जोडणारी पिन म्हणजे सुईचा तुकडा, आणि माझं सगळ्यात लहान हत्यार तुमच्या अंगठ्याएवढं. आधी तेलाचा थेंब सोडून दिवसभर मुरू दिलं. मग तुमच्या भाचीचं कर्कटक घेतलं. त्याचं टोक वाकलं (तिला अजून सांगितलेलं नाही). मग पट्टा गरम पाण्यात बुडवला, घड्याळ तेवढं हातात उंच धरून, आरती ओवाळल्यासारखं. मग फ्रीजरमध्ये ठेवला, धातू आक्रसेल म्हणून. आक्रसली ती फक्त तुमची बहीण, मटाराच्या पिशवीखाली घड्याळ सापडल्यावर. शेवटी वर्कशॉपमधला पंच, म्हणजे पिना ठोकून काढायची बोथट सळई, आणला आणि हातोडीने ठोकायला लागलो. सुटत्या पिनेचा आवाज पोकळ येतो. हा भरीव येत होता, म्हणजे पिन आणखीच घट्ट बसत होती. कान सांगत होते, पण जावई ऐकत नव्हता.

तीन दिवस मामा नुसते बघत होते. चौथ्या दिवशी कपाळावरचा चष्मा खाली ओढून म्हणाले, "जावईबापू, पट्ट्याच्या आतून बारीक बाण कोरलेत, ते पाहिलेत का?"

"पाहिले की. इथे ठोका, अशी खूण आहे ती."

"असं? आणि तुमच्या पंपावर बाण असतो, तो काय सांगतो?"

"पाणी कुठल्या बाजूने बाहेर जाणार ते," मी म्हणालो, आणि मग माझं बोलणं माझं मलाच ऐकू आलं. पंप बाणाच्या उलट बसवला म्हणून मी आजवर दोनशे गिऱ्हाइकं तरी झापली असतील. त्या सगळ्यांचे चेहरे एका रांगेत समोर उभे राहिले.

मामांनी आपला शिवणाचा डबा काढला. दोऱ्याचं रिकामं रीळ उभं केलं, पिनेखाली रिळाचं भोक येईल असा पट्टा त्यावर धरला, टोक मोडलेली जाड सुई बाणाच्या शेपटीकडून टेकवली आणि कात्रीच्या मुठीने दोनदा टिचकी दिली. पिन रिळात पडली! ही माझ्या ठोकण्याने वाकडी झालेली निघाली. तीन कड्यांच्या दुसऱ्या टोकाची पिन मात्र सरळ होती, पण ती मामांच्या हातून उडाली. मी तासभर कपाटाखाली पालथा होतो. (कंबर.) सापडली नाही. तेव्हा त्यांनी सुईचाच तुकडा तोडून पट्टा जोडला. म्हणाले, "तोवर चालेल." काढलेल्या तीन कड्या काडेपेटीत ठेवल्या. "टाकायच्या नाहीत. अंग भरलं की परत घालू. कपड्यातसुद्धा आम्ही शिंपी आत थोडं कापड राखतोच."

शनिवारी मामा बाकावर गेले. मी समोरच्या फुटपाथवर होतो (कामानेच). बरोबर सहाला त्यांनी मनगट बघितलं आणि पाच म्हातारे गुडघे धरून उठले. त्या वेळी खरे साडेपाच वाजले होते. फ्रीजरचा परिणाम असावा. सगळे आपापल्या घरी चालू लागले.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
पंपवाला

ता. क. मामांनी दोन घड्याळं एकदम घेतली होती, दुसरं तुमच्याकडे आहे. त्यातली एक पिन हवी आहे. मामा म्हणतात, एवढीशी वस्तू टपालात हरवते, त्याने स्वतःच घेऊन यावं.

आणखी ता. क. चाळीस वर्षांच्या शिंपीकामात मामांच्या हातून एक सुई पडलेली कुणी पाहिली नाही. आज ती काडेपेटी ते कानाशी धरून हलवत होते. तीन कड्यांचा खडखडाट मला दारातूनच ऐकू आला, आणि त्यात एक बारीक टिण्. मी काही ऐकलेलं नाही, तुम्ही काही वाचलेलं नाही. रविवारच्या आत पिन घेऊन या.