दुखण्याचे पैसे

सांगली, ५ मार्च २००६

चि. उल्कास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आता काठीशिवाय चालतेस हे वाचून आईने शेजारी पेढे वाटले. धडक देणाऱ्या मोटारवाल्याच्या विमा कंपनीने तुला सहा हजार युरो दिले, तेही समजलं. पण बाळ, तीन ऑपरेशनांचा खर्च तुझ्या क्रांकनकासेने, म्हणजे आरोग्यविम्याने केलाय. आधी त्यांचं देणं. मी तीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम सेक्शनला काढली. एकाच अपघाताचे दोनदा पैसे घेणाऱ्यांना कधी सोडलं नाही. आपल्याच घरात तसं नको. स्कॉलरशिप जूनमध्ये संपते आणि प्रबंधाला अजून सहा महिने हवेत, ठाऊक आहे. अर्धवट सोडून यावं लागलं तर ये, पण ताठ मानेने ये.

तब्येतीला जप. राग आला तर तोही कळव.

बाबा

कायझर्सलाउटर्न, २ एप्रिल २००६

ति. बाबांस उल्काचा सा. न.

राग आलाच. दोन दिवस रडले, मग कासेत जाऊन तिथल्या कारकून बाईंना, फ्राउ डीट्सना म्हटलं, हे घ्या. त्या चष्मा काढून बघतच राहिल्या. वीस वर्षांत या टेबलाशी पैसे परत द्यायला कुणी आलं नव्हतं म्हणे. मग कॉफी आणली आणि कागदावर मधोमध रेघ ओढून समजावलं. उपचारांचा खर्च कासे मोटारवाल्याच्या विम्याकडून स्वतः वसूल करते. मला मिळाले ते फक्त यातनांबद्दल. त्यांना कासे हात लावू शकत नाही. माझ्या सायकलला दिवा नव्हता, म्हणून माझे एकतृतीयांश कापले गेले. पण बाबा, कासेनेही आपल्या वसुलीतला तेवढाच हिस्सा सोडला, माझ्या वाट्यातून भरून नाही काढला. किती सरळ माणसं! बिलं आम्ही भरली, पण दुखलं तुम्हाला, असं त्या म्हणाल्या.

तरीही तुम्ही सांगाल तसंच करीन. आईला नमस्कार, तुमचा हात पाठीवर असू द्या.

उल्का

सांगली, १७ एप्रिल २००६

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. एवढं कळायला जर्मनीतली बाई लागली का, असं तिने विचारलं. एक कबूल करतो. तुला न सांगता मीही कासेला इंग्रजीत पत्र टाकलं होतं, रक्कम जमा करून घ्यावी म्हणून. काल उत्तर आलं. हे पैसे मागायचा अधिकार आम्हाला नाही आणि वडील म्हणून आपल्यालाही नाही, असं फ्राउ डीट्सनी सभ्य भाषेत कळवलंय. तीस वर्षांत असं पत्र मी एकदाही लिहिलं नाही गं. कुणाला किती दुखलं, हेही कधी विचारलं नाही.

पैसे तुझे. तिथेच राहा, प्रबंध पुरा कर. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि या हट्टी म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.

बाबा

ता. क. आधी सायकलला दिवा घे. पावती पाठवू नकोस.