सात वर्षांचे खोटे गुण

मी, तय्यिब बिन सालह उयुनी, वय चौसष्ट, निवृत्त शाळा निरीक्षक, राहणार अल-काफ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. सकाळपासून चारदा लिहायला बसलो आणि चारदा उठलो. तरी बुद्धी ठिकाणावर आहे.

१. कायद्याने दोन तृतीयांश मालमत्ता मुलगा शाकिर याची. तीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. भिंतीवरचे घड्याळही त्याचेच. तो वेळेवर येऊ लागेल, अशी आशा मात्र धरलेली नाही.

२. उरलेल्या तृतीयांशात डोंगरावरील अईन कर्मा गावच्या शाळेलगतच्या दोन खोल्या येतात. त्या तेथील शिक्षिका दलंदा वस्लाती यांना द्याव्यात. कारण नोंदवणे भाग आहे. निरीक्षकाने शिक्षकाला दिलेले गुण चांगले, तर बदली लवकर. दलंदाबाईंचे पती व मुलगी दूर सफाक्सला असतात. त्या विसापैकी अठरा गुणांच्या शिक्षिका; मी सात वर्षे बारा दिले. युक्तिवाद असा, की जेथे गरज तेथे उत्तम शिक्षकाने राहावे; दलंदाबाई उत्तम आहेत; म्हणून त्यांनी राहावे. मांडणी निर्दोष होती. तिच्यात त्यांना विचारणे तेवढे नव्हते.

गेल्या मंगळवारी त्या घरी आल्या.

“तय्यिबसाहेब, राजीनामा लिहिलाय. चुका काढा. तेवढंच तर येतं तुम्हाला!”

“थंडीला कंटाळलीस, पोरी?”

“थंडी सोसली, गळकं छप्पर सोसलं. पण दरसाल बारा! मला वाटायला लागलं, आपल्याला शिकवताच येत नाही.”

३. दलंदाबाईंच्या वर्गाच्या प्रत्येक तपासणीचे खरे गुण, तारखेसह, सोबत जोडले आहेत. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. माझ्या सहीनिशी ते आजच शिक्षण खात्याकडे जाईल.

४. वरील मजकूर आज दलंदाबाईंना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या:

“खोल्या नकोत. सात वर्षांचं भाडं देताय का मला?”

“मग राजीनामा?”

“ते माझं मी बघीन. आता तरी तुम्ही ठरवू नका. साक्षीला सही हवी असेल तर करते. जे वाचलंत, ते मी ऐकलंय.”

साक्ष आणि लाभ एका हाती असू नयेत. सबब कलम दोनमधील देणगी रद्द. खोल्या अईन कर्माला येणाऱ्या शिक्षकाने वापराव्यात. जाऊ म्हणेल त्या दिवशी त्याला कोणी अडवू नये.

अल-काफ, दिनांक ९ मार्च.

सही: तय्यिब बिन सालह उयुनी

साक्षीदार:
नूरुद्दीन ज्लासी, व्यवसाय: औषधविक्रेता
दलंदा वस्लाती, व्यवसाय:

(दुसऱ्या साक्षीदाराने व्यवसायाची जागा कोरी ठेवली आहे. ती मी भरलेली नाही. तय्यिब)