मी घरी जायचं म्हटलं तर

बाळ जन्माला यायला अर्धा-पाऊण तास उरलेला असताना बाई "मला घरी जायचंय" असं का म्हणते? चार वर्षं मी हा प्रश्न विचारत आले आहे. पुस्तकांत पाहिलं, शिक्षिकांना विचारलं, बाळंतिणींना तर विचारलंच. मला उत्तर सापडलेलं नाही. ते सापडण्याआधी मला काही झालं तर हा प्रश्नही माझ्या इतर वस्तूंबरोबर कुणाच्या तरी हाती जावा, म्हणून सुरुवात त्यानंच करते.

मी, सौ. अंतरा सौरव इंगळे, माहेरची साबळे, वय अठ्ठावीस, काम प्रसूतिगृहात परिचारिका, राहणार कंपू, लश्कर, ग्वाल्हेर, सध्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी बिर्ला नगरात, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी बळजबरीनं बसवून लिहून घेत नाही. उलट आई आणि सासूबाई, ज्यांचं एरवी एकमत होत नाही, त्या दोघींनीही अशा दिवसांत असलं काही लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे. मला छत्तिसावा आठवडा आहे. रक्तदाब बरोबर आहे, बाळाचे ठोके बरोबर आहेत, मरायचा माझा विचार नाही. पण मी रोज बायकांना सांगते की कळा सुरू होण्याआधी, डोकं शांत असताना, आपल्याला काय हवं आणि काय नको ते ठरवून ठेवा. मग मीच ठरवलं नाही तर ते बरं दिसणार नाही.

१. घर माझ्या नावावर नाही. शेतीही नाही. साबळ्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले, आणि त्यांच्यापासून आमच्या वाट्याला एक गंजलेली तलवार आली; ती वडिलांची आहे आणि त्यांच्याकडेच राहील.

२. बँकेत जे काही असेल ते माझ्या पोटी असलेल्या अपत्याचं. मुलगा की मुलगी मला माहीत नाही. अपत्य सज्ञान होईपर्यंत पालक माझे पती सौरव. यात मला काडीचीही शंका नाही. सौरवइतका मऊ काळजाचा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याबद्दलची माझी एकच अडचण कलम आठमध्ये येईल.

३. माझी पदवी. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. निकाल लागला तेव्हा वडिलांनी, श्री. दिनकरराव साबळे यांनी, स्वतः शिसवी चौकट केली आणि पदवी तलवारीच्या वर टांगली. दसऱ्याला ते दोन्हींना झेंडूची माळ घालतात. ती तिथून काढू नये. माझ्या अपत्याला ती दाखवावी, पण तूही शिक म्हणून तिच्यावरून रोज टोचू नये.

४. बाळंतपणाचं आसन. हे वडिलांनीच बनवलं. ते बिर्ला नगरची कापड मिल सुरू असताना तिथे सुतारखात्यात होते, बंद झाल्यापासून खुर्च्या-पलंग दुरुस्त करतात. मी त्यांना वर्तमानपत्रावर आकृती काढून दिली: बुटकं, तीन पायांचं, पुढून अर्धचंद्रासारखं कापलेलं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, दोघंही लाजलो. फक्त एवढंच विचारलं, "बसणाऱ्याचं वजन किती धरू?"

मी म्हटलं, "नऊ महिन्यांचं धरा."

त्यांनी मान हलवली आणि पाय अर्ध्या इंचानं जाड केले. तयार झाल्यावर स्वतः बसून पाहिलं, पुढची कड मांडीला टोचते म्हणून ती पुन्हा रंधली. आडवं निजवलेल्या बाईला चढावर ढकलायला सांगायचं की बसवून तिचं वजन तिच्या कामी आणायचं, हे समजायला मला तीन पुस्तकं लागली होती. वडिलांना ते कडेला हात लावून समजलं असावं. हे आसन आमच्या प्रसूतिगृहाला द्यावं. अट एकच: त्यावर रजिस्टर ठेवू नये, चहाचा थर्मासही ठेवू नये. पहिले सहा महिने सुमनताईंनी, म्हणजे आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी, त्याचा तोच उपयोग केला. मी ते विसरलेले नाही. पुढे एक दिवस त्यांनीच थर्मास उचलून खाली ठेवला आणि एका घाबरलेल्या मुलीला तिथे बसवलं, तेही मी विसरलेले नाही. दोन्हींची नोंद असावी.

५. बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं सुमनताईंना. त्यांचं कपाटातून हरवलं तेव्हा त्यांनी माझ्यावर संशय घेतला होता. माझं त्यांना मिळालं म्हणजे तो विषय संपेल.

६. आता वही. ही माझी सगळ्यात मोलाची वस्तू आहे, आणि ती कशी सुरू झाली हे सांगितल्याशिवाय कुणाला द्यायची ते कळणार नाही.

चार वर्षांपूर्वी मी शिकाऊ होते. प्रसूतिगृहाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची नाही, माझी होती. आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात होतं की बाईच्या इच्छेचा मान राखावा, तिचं म्हणणं ऐकावं. मी त्या धड्याच्या प्रेमातच पडले होते. वॉर्डात मात्र कुणी बाई काही बोलली की "चुप रहो, सबको होता है" एवढंच उत्तर मिळे. मला वाटे, मी अशी होणार नाही.

त्या दुपारी माधवगंजातली दुर्गा म्हणून एक मुलगी पहिलटकरीण आली होती. सुमनताई दुसऱ्या खोलीत एका अवघड बाळंतपणात होत्या. दुर्गा एकाएकी उठून बसली, माझं मनगट धरलं आणि शांतपणे, अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "सिस्टर, मला घरी जायचंय."

मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. मग मी पहिल्या धड्याप्रमाणे वागले. डॉक्टरांचा सल्ला डावलून स्वतःच्या मर्जीनं रजा घेण्याचा छापील कागद असतो, वॉर्डात त्याला सगळे 'लामा' म्हणतात. तो आणला, तिच्याकडून आणि तिच्या सासूबाईंकडून सही घेतली, आणि तिला हात धरून ई-रिक्षात बसवलं. बाईचा शब्द राखला म्हणून मला अभिमानसुद्धा वाटला. वीस मिनिटांनी नई सडकेवर, बांगड्यांच्या दुकानासमोर, वाहनांच्या कोंडीत तिची मुलगी जन्मली. दुकानदारणीनं ओढणी आडवी धरली. दोघी वाचल्या. यात माझा काही वाटा नाही.

सुमनताई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तिच्या ओठावर घाम होता?" होता. "पाय थरथरत होते?" होते. "मग? म्हणणं ऐकलंस, तिच्याकडे बघितलंस का?"

आठ दिवसांनी मी माफी मागायला माधवगंजात गेले. दुर्गा बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "नाराज तर होते मी. नई सडकेवरून जायचं म्हटलं की मान खाली. सासूबाई सगळ्यांना सांगतात, बाजार में जना है इसने." मी रडायला लागले तशी ती वैतागली. "आता तुम्हाला गप कोण करणार, सिस्टर? एक हे दिवसभर रडतं, एक तुम्ही." मग म्हणाली, "पण तिथे मला विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. बाकी सगळे गप म्हणत होते."

मी विचारलं, "घरी का जायचं होतं?"

"काय माहीत. घरी असते तरी म्हटलं असतं."

त्या संध्याकाळी मी वही विकत घेतली. आज तिच्यात तीनशे बारा बायका आहेत. त्यांपैकी एकशे सत्त्याऐंशी जणी शेवटच्या टप्प्यात हे वाक्य बोलल्या, बहुतेक हिंदीत, काही मराठीत, एक तेलुगूत, जे तिच्या सोबतच्या बाईनं मला समजावून सांगितलं. घाईत रिक्षा न मिळाल्यामुळे ज्या चौघींचं बाळंतपण त्यांच्याच घरात झालं आणि मी धावत गेले, त्यांपैकी तिघी स्वतःच्या पलंगाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, घर जाना है. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकीला विचारते: कोणतं घर? बऱ्याच जणींना आपण काही बोललो हेच आठवत नाही. एकीनं सांगितलं, जिथे मला कुणी हाक मारत नाही ते. एक म्हणाली, माझ्या मामाचं, पण ते विकून टाकलं. एक हसली आणि म्हणाली, "आप बताओ दीदी, आप तो पढ़ी-लिखी हो."

एवढं मात्र कळलं. हे वाक्य आलं की हातातलं काम सोडून बाईजवळ बसायचं, कारण बाळ दाराशी आलेलं असतं. तिला गप करायचं नाही, आणि कागदही आणायचा नाही.

वही प्रांजलीला द्यावी असं मनात होतं. ती माझ्याबरोबर शिकली आणि आता माझ्याच वॉर्डात आहे. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न देणं बरं, असं शेजारच्या वकिलांनी सांगितलं. म्हणून तिला तिच्या आवडीची निळी चंदेरी साडी परवाच हातोहात दिली, आणि वही दुर्गाला देते. दुर्गानं ती सांभाळावी आणि तिची मुलगी हर्षिता, जी आता चार वर्षांची आहे आणि प्रत्येक पाहुण्याला नई सडकेवर नेऊन "मैं यहाँ हुई थी" म्हणून दाखवते, ती वाचायला लागली की तिला द्यावी. तिला उत्तर सापडलं तर माझ्या अपत्याला कळवावं.

७. रुसवेफुगवे. सासूबाईंनी डोहाळजेवणात सर्वांसमोर म्हटलं होतं की दुसऱ्यांची बाळंतपणं करणारीला स्वतःचं काय अवघड. मी ते मनाला लावून घेतलं होतं. ते इथे सोडून देते. आईनं मला नर्सिंगला घालू नये म्हणून उपास धरला होता. तोही सोडला, ती तर तेव्हा दुसऱ्याच दिवशी जेवली होती.

८. हे कलम लिहू नये, असं वकील श्री. गोपाळकृष्ण पुराणिक यांचं मत आहे. ते शेजारीच राहतात आणि मला लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना म्हटलं, बाळंतपणात माझ्याजवळ कोण असावं ते मला मृत्युपत्रात लिहायचं आहे. त्यांनी चष्मा काढला. "बेटा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालू होतं. बाळंतपण त्याच्या आधी असतं." त्यांचं बरोबर आहे. तरी लिहिते, कारण घरातल्यांना कारण कळायला हवं.

आमच्या वॉर्डात सोबतीला एकाच बाईला आत येऊ देतात. सौरवसाठी सुमनताईंनी नियम वाकवायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हटलं. गेल्या वर्षी दाढ काढताना मी "बास" म्हणाले, तर सौरवनी मला खुर्चीवरून उठवून घरी आणलं. ती दाढ अजून तोंडात आहे. मी घरी जायचं म्हटलं की ते स्कूटर काढतील. आई माझ्याबरोबर रडेल. सासूबाई गप राहा म्हणतील, प्रेमानं म्हणतील, पण म्हणतील. प्रांजली आणि सुमनताई त्यांच्या कामात असतील, आणि त्यांनी कामातच असायला हवं.

ऑपरेशनची गरज पडली तर करावं, मी आधीच होकार देऊन ठेवला आहे. मला त्याची भीती नाही. मला भीती आहे ती एवढीच की मी ते वाक्य बोलेन आणि समोरचं माणूस एक तर माझं ऐकणार नाही, किंवा मी तेव्हा ऐकलं होतं तसं ऐकेल. वाक्य बोलणार नाही असं मी सांगू शकत नाही. माहिती असून काही उपयोग होतो का, हे मला फार पाहायचं आहे.

म्हणून गेल्या सोमवारी मी दुर्गाकडे गेले. ती आधी नाहीच म्हणाली. "मी काय करणार तिथे? मी आठवीपर्यंत शिकलेली. तुझ्याकडे तर सगळ्या डिग्रीवाल्या आहेत."

मी विचारलं, "मी घरी जायचं म्हटलं तर काय करशील?"

तिनं भाजी निवडता निवडता बराच विचार केला. मग म्हणाली, "म्हणेन, हो, चल. थांब, तुझी चप्पल शोधते. आणि शोधत राहीन."

"कुठवर?"

"पोरगं येईपर्यंत."

सोबतीच्या बाईचा फॉर्म मी त्याच दुपारी भरला. नाव दुर्गाचं लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो मोकळा ठेवला. सुमनताईंनी त्यावर तसाच शिक्का मारला आणि फॉर्म माझ्या फाइलला लावला. आईला आणि सासूबाईंना मी काल सांगितलं. दोघी अजून बोलत नाहीत, माझ्याशीही आणि एकमेकींशीही. आणि त्या सोमवारी दुर्गाकडून निघताना माझी चप्पल मी तिच्या दाराआड ठेवली आणि तिची जुनी घालून परत आले. माझी चप्पल आता वॉर्डात कितीही शोधली तरी सापडणार नाही.

सही: अंतरा सौरव इंगळे

आमच्यासमोर अंतरानं हे वाचून पाहून सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केली.
साक्षीदार १: प्रांजली सुर्वे, परिचारिका
साक्षीदार २: गोपाळकृष्ण पुराणिक, वकील (कलम आठबद्दलचं माझं मत कायम आहे.)

स्थळ: बिर्ला नगर, ग्वाल्हेर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५