अर्ध्या वाटेचा नियम

३ नोव्हेंबर, सोमवार
मॅनेजर मिस्टर डाडझींनी बोलावलं. पुढच्या सोमवारपासून आपल्या छापखान्यात परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. बाहेरचा एक माणूस आत दिसला तरी काम जाईल. निवृत्त लोकांचं रोजचं येणं बंद करायचं, आणि ते मी करायचं. म्हणाले, "आंटी मोनिका, तुमचंच ते ऐकतील." ऐकतीलच. शाळेत सिस्टर बर्नाडेटनी मला उगाच मॉनिटर केलं नव्हतं.
२८ तारखेला मला साठ पूर्ण. हे नीट पार पडलं की दोन वर्षांची मुदतवाढ नक्की. त्यांनी जन्मतारीख दोनदा विचारून घेतली.

४ नोव्हेंबर
नियम टाइप केले. माजी कर्मचारी गळ्यात कार्ड घालतील, ऑफिसातच बसतील, मशीनपाशी जाणार नाहीत. शेवटचा नियम खास माझा: निघताना त्यांनी वाट मागितली, म्हणजे 'निघू का' विचारलं, की 'पूर्ण वाट दिली' म्हणायचं. आपण पाहुण्याला अर्धीच देतो, अर्धी ठेवून घेतो, म्हणून तो परत येतो. घरी ठीक आहे. ऑफिसात त्यानेच गर्दी होते.
माझ्या हाताखालच्या मुलीकडून, एसीकडून, सगळे नियम पाठ करून घेतले. सर म्हणालेत, तिला माझं सगळं काम शिकवा. माझा भार हलका करायचा विचार दिसतो.

५ नोव्हेंबर, सकाळी १०
पापा बेन्टसिल आले. चाळीस वर्षं मशीन चालवलं, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून रोज हजर. मी एकवीस वर्षांची इथे लागले, तेव्हा शाईचे डाग कसे काढायचे ते त्यांनीच शिकवलं.
वॉचमन अल्हसनने कार्ड नंबर चार घातलं. पापा म्हणाले, "मोनिका, बकरी बांधतात तसं बांधलंस की गं मला." पाणी दिलं. येण्याचं कारण विचारलं. म्हणाले, "मशीनचा आवाज ऐकायला." फॉर्ममध्ये बसेना. 'इतर' लिहिलं.
११.३०. त्यांनी वाट मागितली. चपलेचा अंगठा तुटला होता. अर्धी दिली. उद्यापासून कडक.

६ नोव्हेंबर
कडक. पाहुण्यांची खुर्ची स्टोअरमध्ये टाकली. पापा उभेच राहिले. त्यांचे गुडघे दुखतात. माझी खुर्ची दिली. दुपारी माझे पाय सुजले. अर्धी वाट, पण शेवटची.

१० नोव्हेंबर
प्रश्नपत्रिका सुरू. आजपासून कार्डवालेही बंद. पापा गेटबाहेर कडुलिंबाखाली बाकावर. अल्हसनकरवी निरोप: दोन नंबर मशीन खोकतंय. दुर्लक्ष केलं. परिस्थिती पूर्ण ताब्यात.

१३ नोव्हेंबर
दोन नंबर बंद पडलं. मेकॅनिक राजधानी आक्राहून उद्या दुपारी येणार, प्रश्नपत्रिकांच्या पेट्या न्यायला गाडी उद्या सकाळी. एसी म्हणाली, "आंटी, आधी सरांना विचारू या." म्हटलं, नियम मी केलेत, अपवादही मीच करीन. पापांना आत आणलं. घाईत कार्ड राहिलं.
वीस मिनिटांत मशीन चालू. पापांनी पहिला कागद सवयीने उजेडाकडे धरला. गणिताचा पेपर. दारात मिस्टर डाडझी.
त्यांनी कागद काढून घेतला. सगळे कागद स्वतः मोजले, दोनदा. संख्या बरोबर भरली. पापांना अल्हसनने बाहेर नेलं, वाट न मागताच. मला सर एक शब्द बोलले नाहीत. इतका विश्वास.

२० नोव्हेंबर
सरांनी एसीला चाव्यांचा जुडगा दिला. डुप्लिकेट असणार.

२८ नोव्हेंबर
केक, खिमा भरलेले मीट पाई, भाषणं, भिंतीवरचं घड्याळ. एसी रडली. मुदतवाढीचं पत्र नव्हतं. सोमवारी निघेल.

१ डिसेंबर, सकाळी १०
सहज गेले. फायलींचं कपाट खालून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे एसीला सांगायचं राहिलं होतं. पत्राचंही विचारता आलं असतं. अल्हसन म्हणाला, "माफ करा आंटी," आणि गळ्यात कार्ड घातलं. नंबर चार.
माझ्या खुर्चीत एसी. तिने पाणी दिलं, कारण विचारलं. सांगितलं. म्हणाली, "कपाट शनिवारी दुरुस्त करून घेतलं, आंटी." मग तिने 'इतर' लिहिलं.
पत्राचं विचारलं नाही. वाट मागितली. तिने मान खाली घालून पूर्ण दिली. एक शब्द चुकला नाही. पाठ मीच करून घेतलं होतं.
बाहेर बाकावर पापांनी सरकून जागा केली. म्हणाले, "दोन नंबर आज बरं चाललंय."
बराच वेळ ऐकलं. चाललंय.