पंच क्रमांक दोन

मंगळ. ४ मार्च
सकाळी सहालाच पोलीस. शेजारी, कांबळ्यांकडे. त्यांच्या करुणाने परवा सभेत सरकारविरुद्ध भाषण केलं, त्याचं हे. साहेब मला म्हणाले, "काका, पंच म्हणून बसा. नुसतं बघायचंय." तीन तास स्टुलावर बसून बघितलं. पुस्तकं, लॅपटॉप, मोबाइल, तिच्या शाळेतल्या पोरांच्या वह्यासुद्धा नेल्या. शेवटी कागद पुढे केले, पंच क्रमांक दोन म्हणून. सही केली. न वाचता. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लग्नपत्रिकेतला अनुस्वार सोडला नाही कधी. आणि आज चष्मा खिशातच होता. भ्यालो, दुसरं काय.

करुणाला घेऊन गेले. मागे तिची आई एकटी. कमलताई.

बुध. ५
चाळीच्या ग्रुपवरून करुणाला काढून टाकलं. का, म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही. जिन्यात सगळे हळू बोलतात. सौ. कमलताईंसाठी कालवण घेऊन निघाली होती, दारातूनच परत आली. "समोरचे बघतायत हो." आपण बरं, आपलं काम बरं. तिला काय बोलणार, कोणत्या तोंडाने?

शुक्र. ७
करुणा भोईवाड्याला कोर्टात होती आज. जामीन नाही. संध्याकाळी गॅलरीत कमलताई भेटल्या. "सावंतभाऊ, त्या दिवशी तुम्ही बसलात तेवढाच आधार वाटला. ओळखीचं माणूस होतं घरात."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रवि. ९
जाऊन सांगून टाकलं. "ताई, मी कागद वाचलाच नाही. तशीच सही केली."
वाटलं, हाकलून देतील. त्यांनी फडताळातून पंचनाम्याची प्रत काढून माझ्या हातात दिली. "मग आता वाचा. माझ्याने वाचवत नाही."
मोठ्याने वाचत गेलो, ओळीखाली बोट ठेवून. नववी वस्तू: काळा पेनड्राइव्ह, गादीखाली मिळाला. गादी माझ्यासमोर उलटली होती. खाली जुनी वर्तमानपत्रं होती फक्त.
"हा नव्हता," म्हणालो.
"असं कोर्टात सांगाल?"
हो म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं. घरी अजून बोललो नाही.

सोम. १०
दादरला वकिलांकडे चार वाजता बोलावलंय. प्रतिज्ञापत्र करायचंय. सौ.ला सांगितलं, तिने लगेच ऐरोलीला मुलाला फोन लावला. तो म्हणतो, "बाबा, या वयात कशाला? सही तुमचीच आहे. उद्या तुम्हालाच धरतील." खोटं नाही बोलत तो. सौ. रडली थोडी. मग इस्त्रीचा सदरा काढून दिला.

तो घालून तासभर बसलोय. साडेतीन झाले. कमलताई तयार होऊन बाहेर गॅलरीत उभ्या आहेत. हाक मारत नाहीत.